कडप्प्याचा ओटा घरीच बरा

भिवंडीतल्या डाइंगवाल्याने शेड मॅचिंगसाठी छोटी लॅब काढायची म्हटली, की पहिला फोन जातो फरशीवाल्याला. ‘कडप्पा टाक, घरी तोच आहे, इतक्या वर्षांत काही झालं नाही.’ घरी काही झालं नाही, कारण घरी फार तर लिंबू पिळलं जातं. कडप्पा हा चुनखडक. कोटा आणि शहाबादीही त्याच जातीचे. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब पडला की असा दगड फसफसतो. ॲसिटिक ॲसिड सावकाश खातं, पण खातंच. पॉलिश जातं, दगड खरबरीत होतो आणि त्या खरबरीत कालचा लाल दबा धरून बसतो, आजच्या फिक्या पिवळ्याला लागायला.

दुसरा पक्ष स्टीलवाल्यांचा. औषध कंपन्यांत स्टीलच असतं, हे त्यांचं पालुपद. असेल, पण तिथे सुती कापड रिॲक्टिव्ह रंगाने रंगवत नाहीत. आपल्याकडे बीकरमागे मीठ लागतं आणि ब्लीचिंगला हायपोक्लोराइट. ३०४ स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम असलं तरी क्लोराइडपुढे त्याचं फारसं चालत नाही. बारीक खड्डे पडतातच. मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ जास्त टिकतं, पण तेवढे पैसे मोजायचे तर रंगयंत्रावर मोजावेत.

ओल्या कामाला पॉलिश केलेला ग्रॅनाइटच घ्यावा. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांच्या या दगडाचा खरा वैरी हायड्रोफ्लोरिक ॲसिड, आणि सुती रंगाईत त्याचं काम नाही. मात्र काळा दिसला की ग्रॅनाइट, असं समजू नये. तुकडा मागून घ्यावा, ॲसिटोनच्या फडक्याने पुसावा. फडकं काळं झालं तर दगडाला रंग फासलाय. मग ॲसिडचा थेंब रात्रभर ठेवून सकाळी डाग बघावा. इतकं करून सांधा पांढऱ्या सिमेंटने भरणारे महाभाग आहेतच! ॲसिड दगड सोडतं आणि सांधा खातं. तिथे इपॉक्सी हवं. कडेला ॲल्युमिनियमची पट्टीही नको, कॉस्टिक तिला जिवंत ठेवत नाही. काचसामान ग्रॅनाइटवर लवकर फुटतं ही तक्रार खरी, पण ती रबरी मॅटने मिटते. ओट्याखाली जमिनीला टेकलेली प्लायवुडची कपाटं करू नयेत; २६ जुलै २००५ चं पाणी ज्यांच्या गाळ्यात शिरलं होतं, त्यांना हे सांगावं लागत नाही.

एवढ्या चांगल्या ओट्यावर तराजू मात्र ठेवायचा नाही. पाच ग्रॅम कापडावर एक टक्का शेड म्हणजे ५० मिलिग्रॅम रंग. एक मिलिग्रॅम चुकला की दोन टक्क्यांचा फरक. शेजारच्या गाळ्यात माग धडधडत असताना लांब ओटा तो हादरा थेट तराजूपर्यंत पोचवतो. तळमजल्यावर, भिंतीपासून सुटे असे विटांचे दोन खांब, त्यांवर रबर आणि वर जाड, वजनदार लादी. ही लादी कडप्प्याची असली तरी चालेल. तराजूवर कोरडी भुकटी तोलायची, ॲसिड ओतायचं नाही.