जुना एसी गेला. त्यातला वायू कुठे गेला?

तंजावरच्या मे महिन्यात घाम येतो, पण वाळत नाही. बंगालच्या उपसागरावरून येणारी हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. त्यामुळे येथे वातानुकूलकाला दोन कामे करावी लागतात : हवा थंड करणे आणि तिच्यातले पाणी काढून घेणे. एक लिटर पाणी हवेतून काढायचे तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. आमच्या घरातील २०११ सालच्या दीड टनी यंत्राला गेली काही वर्षे हा भार पेलत नव्हता. थंडावा घटत गेला, वीजबिल वाढत गेले, आणि यंदा ते बदलायचे ठरले.

नवे यंत्र बसवायला आलेल्या कारागिराने जुन्याच्या तांब्याच्या नळीला पाना लावला. आतल्या वायूचे काय करणार, असे मी विचारले. हवेत सोडून देणार, सगळीकडे असेच करतात, असे तो सहजपणे म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मला खटकते ते हेच.

साधा हिशेब मांडून पाहू. एका युनिट विजेत यंत्र किती युनिट उष्णता बाहेर टाकते, याची हंगामी सरासरी म्हणजे आयएसईईआर. तारांकित पट्टीवर हा आकडा छापलेला असतो. ताऱ्यांपेक्षा तोच पाहावा, कारण ताऱ्यांचा अर्थ बदलत असतो : स्प्लिट एसीला पाच तारे मिळण्यासाठी २०१८ मध्ये ४.५ पुरत असे, जुलै २०२२ पासून ५ लागू लागले. जुन्या यंत्राचा आकडा ३ आणि नव्याचा ५ धरला, तर जिथे १,००० युनिट जळत होते तिथे ६०० पुरतील. वर्षाला ४०० युनिटांची बचत झाली. आपल्या ग्रिडमधील एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला २८० किलोंची बचत.

आता दुसरी बाजू पाहा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बहुतेक घरगुती यंत्रांत आर-२२ हा वायू असे. तो ओझोनचा थर विरळ करतोच, शिवाय शंभर वर्षांच्या मोजमापात त्याची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८१० पट आहे. दीड टनी यंत्रात तो साधारण एक किलो असतो. तेवढा हवेत सोडला की सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. नव्या यंत्राची सहा वर्षांहून अधिक काळाची बचत अशी काही क्षणांत उडून जाते.

मग जुनेच यंत्र चालू ठेवावे का? मुळीच नाही. एसी वायू ‘खात’ नाही; तो बंद नळ्यांत फिरत राहतो. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरावा’ लागत असेल, तर तो गळत आहे. असे यंत्र वीजही जाळते आणि वायूही सोडते. बदलणे योग्यच आहे, प्रश्न बदलण्याच्या रीतीचा आहे.

रीत अवघड नाही. कॉम्प्रेसर चालू स्थितीत असेल, तर द्रववाहिनीचा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र काही मिनिटे चालवायचे. वायू बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करायचा. याला पंप-डाउन म्हणतात. आम्ही तेवढे करून घेतले. मात्र ही अर्धीच वाट आहे. ते युनिट भंगारात गेले आणि तांब्यासाठी कुणी नळी कापली, तर वायू तिथे निसटेल. खरा उपाय म्हणजे रिकव्हरी यंत्राने तो सिलिंडरमध्ये भरून शुद्धीकरणाला किंवा नाशाला पाठवणे. ते यंत्र गल्लीतल्या कारागिराला परवडत नाही, आणि त्याच्या या कष्टाचे पैसे आज कुणी देत नाही. म्हणून दोष त्याच्यावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

आर-२२ वापरणारी नवी उपकरणे बनवणे भारताने २०२४ अखेर थांबवले. किगाली दुरुस्तीला आपण २०२१ मध्ये मान्यता दिली. पण हे निर्बंध नव्या वायूला आवर घालतात. घराघरांच्या भिंतींवर आधीच टांगलेल्या साठ्याचे काय? जुने एसी बदलण्यासाठी प्रोत्साहन देण्याचा केंद्राचा विचार असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. अशी योजना आली, तर सवलतीची अट केवळ जुने यंत्र परत देण्याची नसावी. वायू किती ग्रॅम परत मिळाला, याची पावती मागावी आणि तो काढणाऱ्या कारागिराला त्याचा मोबदला द्यावा.

तोपर्यंत आपण एवढे करू शकतो : जुन्या यंत्राच्या पाटीवर वायूचे नाव आणि वजन वाचा, आणि खरेदीचे पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला विचारा, हा वायू कुठे जाणार? पुरेशा लोकांनी विचारले, तर त्याला उत्तर शोधावे लागेल.