अब्बांचा बिनदुधाचा चहा

डॉक्टरांनी अब्बांची साखर बंद केली आणि आमच्या घरातला सकाळचा चहा रुसला. बिनसाखरेचा दुधाचा चहा माझ्या सासऱ्यांच्या घशाखाली उतरेना. कोरा दिला तर म्हणाले, "हा आजाऱ्याचा चहा. मला नको."

त्याच सुमारास चीनहून आलेल्या भाच्याने कागदात गुंडाळलेली चहाची काळी चकती आणली. नाव पुएर, तारीख २०१४ ची. मी आपली नेहमीसारखी अद्रक आणि दूध घालून खळाखळा उकळली. अब्बांनी एक घोट घेऊन कप बाजूला सरकवला. मग भाच्याने फोनवर शिकवलं.

हा चहा चीनच्या युन्नान प्रांतातला. पूर्वी चकत्या वर्षानुवर्षं ठेवून मुरवत. १९७३ मध्ये कुनमिंगच्या चहा कारखान्यात पानांचे ओले ढीग झाकून, खालीवर करून, महिना-दीड महिन्यात आंबवण्याची रीत बसवली गेली. हाच 'पिकलेला' पुएर. तोही पुढे जुना होत जातो, तसा त्याचा उग्र वास निवतो.

सुरीच्या टोकाने थरांच्या बाजूने चमचाभर चहा सोडवायचा. छोट्या किटलीत टाकून उकळतं पाणी ओतायचं आणि लगेच फेकायचं; पानं धुतली जातात. पुन्हा उकळतं पाणी, दहा-पंधरा सेकंद, आणि गाळून कपात. तीच पानं सहा-सात वेळा चालतात. दर वेळी थोडा वेळ वाढवायचा. रंग काळपट तांबडा. वास पहिल्या पावसातल्या मातीचा, जुन्या लाकडी पेटीचा. कडूपणा जवळजवळ नाही.

तरी अब्बा तयार होईनात. तेव्हा मी कपाटातलं 'गुबार-ए-खातिर' काढलं. १९४२ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना मौलाना आझाद पहाटे स्वतःच्या हाताने चिनी चहा करत. तो पुएर नव्हता, चमेलीच्या नावाचा होता. पण चहात दूध घालणं त्यांना मुळीच मंजूर नव्हतं. ते पत्र अब्बांनी मोठ्याने वाचलं, हसले आणि म्हणाले, "आण तुझा तो चहा. पण दोन कप आण."

चूक तिथेच होती. मी एकच कप नेत होते.

आता फज्रनंतर आम्ही दोघं किटली घेऊन बसतो. यातही झोप उडवणारं कॅफिन आहे, म्हणून रात्री नाही. घरात कुणाचं पथ्य असेल, तर त्याच्या ताटातलं आपणही थोडं वाढून घ्यावं. औषधासारखं पुढे केलेलं माणसाला नकोसं होतं. सोबतीने घेतलं की गोड लागतं.