हौस, खरखर आणि गाणे

घरी बसून जुन्या टेपरेकॉर्डरवर स्वतःचे गाणे मुद्रित करणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे दोन मते आढळतात, आणि आमच्या मते ती दोन्ही सारखीच उथळ आहेत. पहिले मत जाणकारांचे. त्यांच्या लेखी हा पोरखेळ. पंख्याची घरघर किंवा शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू आली की त्यांचे कान मिटतात. गाणे कसे होते, हे विचारण्याची गरजच उरत नाही. दुसरे मत अलीकडच्या काही रसिकांचे. त्यांना नेमकी ती खरखरच हवी असते. संगणकावर स्वच्छ मुद्रित झालेल्या गाण्यावर ते फितीची खरखर वरून शिंपडतात आणि तिला 'ऊब' म्हणतात. एकाला खरखरीमुळे गाणे ऐकू येत नाही, दुसऱ्याला खरखरीपुढे गाण्याची आठवण राहत नाही. भांडण दिसते खरे. पण दोघांचेही लक्ष गाण्यावर नाही, याबाबत त्यांचे पूर्ण एकमत आहे.

आधी जाणकारांकडे वळू. 'हौशी' हा शब्द ते नाक मुरडून वापरतात. मराठी माणसाने तरी तसे करू नये. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने हौशी नटांच्या किती पिढ्या उभ्या केल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. कचेरीतून सुटून तालमीला धावणाऱ्या कारकुनाचे नाटक आपण नाटक म्हणूनच पाहतो, नाटक म्हणूनच झोडपतो. मग त्याच कारकुनाने रात्री दार लावून पेटीवर बांधलेली एखादी चाल फितीवर उतरवली, तर ती मात्र 'घरगुती' कशी ठरते? तिला झोडपण्याचाही मान आपण देत नाही. आमची तक्रार नेमकी ही आहे. हौशी मुद्रणाला सवलत नको, निवाडा हवा.

उदाहरण परक्या मुलखातले घेतो, कारण त्याविषयीचा गैरसमज आपल्याकडेही आला आहे. जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरात गाणी मुद्रित केली. साधन होते टीॲक कंपनीचे पोर्टास्टुडिओ १४४ हे चार ट्रॅकचे कॅसेट यंत्र आणि दोन साधे मायक्रोफोन. हेतू इतकाच, की आपल्या साथीदारांना गाणी ऐकवावीत आणि मग स्टुडिओत रीतसर मुद्रण करावे. तसे प्रयत्नही झाले. पण पुऱ्या वाद्यवृंदात त्यांतल्या बहुतेक गाण्यांचा जीव हरवला, आणि अखेर सप्टेंबर १९८२ मध्ये ती घरगुती फीतच 'नेब्रास्का' या नावाने प्रसिद्ध झाली. वाद्यवृंदासह केलेली त्या वेळची मुद्रणे २०२५ साली बाहेर आली आहेत. तुलना आता कोणासही करता येईल.

या घटनेचा अर्थ भाविक मंडळी असा लावतात, की जुन्या यंत्रात जादू होती. आम्ही म्हणतो, यंत्रात जादू नव्हती, अडचण होती. आणि ती अडचण कामाची होती. नेहमीच्या कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. हे यंत्र तिला दुप्पट वेगाने पळवते आणि तिची पुरी रुंदी एकाच दिशेने वापरते. म्हणून साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटे मावतात. ट्रॅक चार. पाचवा आवाज हवा असेल, तर आधीचे तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन मोकळे करायचे. पण एकदा त्यांवर नवे मुद्रण झाले, की पेटी मोठी झाली आणि गळा दबला, हे नंतर ध्यानात येऊन उपयोग नाही. शिवाय प्रत्येक उतरवणीत खरखर वाढते आणि वरच्या स्वरांची धार बोथट होते. म्हणजे प्रत्येक वाद्याने स्वतःला विचारायचे, 'माझी खरोखर गरज आहे काय?' आज संगणकावर शंभर ट्रॅक फुकट मिळतात आणि प्रत्येक निर्णय उद्यावर टाकता येतो. या सोयीने वाईट गाणी जन्मतात असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्यामुळे गाणी पुरी होत नाहीत, हे आमच्या आणि आमच्या मित्रांच्या संगणकांत पडलेल्या अर्धवट चालींवरून छातीठोकपणे सांगतो.

अमेरिकेतच डॅनिएल जॉन्स्टन नावाचा एक गीतकार १९८०च्या दशकात साध्या मोनो टेपरेकॉर्डरवर गाणी मुद्रित करीत असे. सुरुवातीला प्रती काढण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती. म्हणून कोणी कॅसेट मागितली की तो सगळी गाणी पुन्हा गाऊन नवी कॅसेट भरून देई. ज्यांना या कहाणीत केवळ गंमत दिसते, त्यांनी विचार करावा, की आपली दहा गाणी पुन्हा पहिल्यापासून गाण्याची ताकद आपल्यात आहे काय.

आता खरखरीच्या भक्तांविषयी. खरखर हा त्या कामाचा घाम होता. घाम कष्टाने येतो. तो बाटलीत भरून अंगाला चोपडल्याने कष्ट केल्यासारखे होत नाही. ज्यांनी खरोखर फितीवर काम केले, त्यांनी जन्मभर खरखरीशी झुंज दिली: हेड स्पिरिटने पुसले, मायक्रोफोन गळ्याच्या जवळ आणला, उन्हाळ्यात पंखा बंद करून गायले. त्यांची हार विकत घेऊन मिरवणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

आणि जुन्या यंत्राचे दोष आम्ही लपवणार नाही. आपल्या संगीताशी तर त्याचे मुळातच वैर आहे. रबरी पट्टा सैल झाला की फितीचा वेग डगमगतो. गिटारच्या झणकाऱ्यात ते खपून जाते. तंबोऱ्यात खपत नाही. ज्या षड्जावर सारा डोलारा उभा, तोच पाण्यातल्या सावलीसारखा हलू लागतो. तेव्हा पट्टा बदला, फीत ओढणारे रबरी चाक स्वच्छ करा, आणि तरीही सूर हलला तर ते मुद्रण निर्दयपणे बाजूला ठेवा. त्या हलण्याला 'जुन्या काळाचा स्पर्श' म्हणणारा माणूस बेसूर आहे, इतकेच आम्ही म्हणू. मोबाइलवर याहून स्वच्छ मुद्रण होते, हेही मान्य. ज्याला मोबाइलवर एका बैठकीत, एकदाच, जबाबदारीने गाता येते, त्याला आमच्या यंत्राची गरज नाही.

मग आम्ही इतक्या तावातावाने का बोलतो? कारण हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांच्या गळ्याचे मुद्रण मागे राहिले नाही, याची हळहळ आपण अजून करतो. पण आपल्याच घरात गाणाऱ्या माणसांचे काय? १९८०च्या दशकात टेपरेकॉर्डर मध्यमवर्गीय घराघरांत शिरला, त्यावर मुद्रणाचे लाल बटण होते, आणि तरीही आपण त्यावर मुख्यतः विकतची गाणीच ऐकली. घरातील बाई 'आमचं मेलं कसलं गाणं' म्हणाली, आणि आपण ते लगेच खरे मानले. तिला असे म्हणायला शिकवले ते याच जाणकारांनी, ज्यांनी गाणे म्हणजे स्टुडिओतले गाणे असा दंडक घातला.

आमच्यापैकी एकाच्या घरी आजीच्या काकडआरतीची कॅसेट होती. चुकून पुसली जाऊ नये म्हणून तिच्या कडेचे प्लॅस्टिकचे तुकडे कोणीतरी जाणत्याने मोडून ठेवले होते. कॉलेजात असताना आमच्या या मित्राने त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर चित्रपटगीते भरली. आज ती चित्रपटगीते कुठेही, केव्हाही, फुकट मिळतात.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे आहे. माळ्यावरचे यंत्र खाली काढा. दुरुस्त करणारा अजून गावात असेल तर त्याच्याकडे न्या. पंखा बंद करा, आरंभी नाव आणि तारीख स्वच्छ उच्चारा, आणि गा. किंवा जो गातो त्याला समोर बसवा. मग ऐका, आणि गाणे वाईट असेल तर वाईट म्हणा. चांगले असेल, तर कॅसेटच्या कडेचे ते दोन तुकडे मोडा, आणि चिकटपट्टी पोरांच्या हाती लागू देऊ नका.