लाकडी नंदी आणि मातीची गाडी

श्रावणी अमावास्येला शेतकऱ्याच्या दारी बैलाचे पूजन होते आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, विदर्भात तान्हा पोळा भरतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातही बालगोपाळ चाकांवरचा लाकडी नंदी दोरीने ओढीत घरोघर जातात आणि वडीलधारी मंडळी त्यांच्या हाती बोजारा ठेवतात.

हा नंदी निव्वळ खेळणे नव्हे. बालपण कलेत प्रकट करावयाचे तर वर्णनाचा पसारा लागत नाही. एखादी वस्तू पुरेशी होते. आपल्या संस्कृत नाटककारांनी हे मर्म पूर्वीच ओळखले होते. शूद्रकाने आपल्या दहा अंकी प्रकरणास नाव दिले ते नायकाचे नव्हे, नायिकेचेही नव्हे, तर एका बालकाच्या मातीच्या गाडीचे! चारुदत्ताचा पुत्र रोहसेन सोन्याच्या गाडीसाठी रडतो आणि वसंतसेना आपले अलंकार उतरवून त्याच्या मातीच्या गाडीत ठेवते. पित्याचे दारिद्र्य, परक्या स्त्रीचे वात्सल्य आणि त्याच अलंकारांमुळे चारुदत्तावर ओढवणारे प्राणसंकट, हे सारे त्या खेळण्यात सामावले आहे. ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात सर्वदमनापुढे मातीचा मोर येतो. तापसी पक्ष्याच्या लावण्याविषयी बोलते. त्या शब्दांत बालकाला आईचे नाव ऐकू येते आणि दुष्यंताची आशा पालवते.

या दृष्टीने आजच्या नंदी-सजावट स्पर्धांचा विचार व्हावा. झगमगाटाखाली नंदी झाकला जातो, श्रम वडिलांचे, खर्च वडिलांचा, आणि बालकाच्या हाती केवळ दोरी उरते. ज्या वस्तूला त्याचा हात लागलाच नाही, ती उद्या त्याची आठवण कशी व्हावी? परीक्षकांनी मुलाने स्वतः रंगविलेल्या शिंगांना, वेड्यावाकड्या झुलीला अधिक गुण द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आलापल्ली-बल्लारपूरचे सागवान २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी गेले, याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. तथापि देवद्वारी गेलेल्या काष्ठाइतकेच पावित्र्य घरच्या कोनाड्यातील झिजलेल्या नंदीलाही आहे. आजोबांनी ओढलेला नंदी घरात असेल तर तो जुना म्हणून टाकू नये. यंदा त्यालाच चाके बसवून नातवाच्या हाती द्यावा, आणि तो कोणी, कोणत्या गल्लीतून ओढला होता, हेही त्याला सांगावे.