मोर्चाची तारीख आणि राजपत्राची तारीख

जमीन जाणार ही वार्ता आपल्याकडे गावाला दोनदा कळते. पहिल्या वेळी ती राजपत्रात आणि वृत्तपत्राच्या एखाद्या कोपऱ्यातील बारीक टाइपात छापून येते. त्या वेळी ती कोणी फारसे वाचीत नाही. दुसऱ्या वेळी मोजणीची माणसे आणि पोलिसांची गाडी बांधावर येऊन उभी राहते. त्या वेळी सारा गाव धावतो. या दोन वार्तांच्या मध्ये कित्येक महिने, क्वचित वर्षेही गेलेली असतात. कायद्याने नागरिकाला दिलेले बहुतेक दरवाजे याच काळात उघडतात आणि याच काळात बंदही होतात. आपला मोर्चा मात्र बहुधा दुसऱ्या वार्तेनंतर निघतो. घोषणा बुलंद असतात, गर्दी मोठी असते, आणि जिल्हाधिकारी निवेदन स्वीकारून शांतपणे सांगतात की, मुदत संपली आहे. सरकारी भूसंपादनाविरुद्ध लढा उभारू पाहणाऱ्यांनी प्रथम विचार करावयास हवा तो या विलंबाचा.

शासनाने खाजगी जमीन कधीच घेऊ नये, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. कालवा, रस्ता, शाळा, रुग्णालय यांना जागा लागते. प्रश्न घेण्याच्या रीतीचा आहे आणि ज्याची घ्यावयाची त्याला विचारण्याचा आहे. १८९४ चा ब्रिटिशांचा भूसंपादन कायदा स्वातंत्र्यानंतरही साडेसहा दशकांहून अधिक काळ चालू राहिला. त्यात मूळ मालकाला संपादनावरच हरकत घेण्याचा अधिकारही नव्हता; तो १९२३ च्या दुरुस्तीने आला. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३ च्या नव्या कायद्याने चित्र बरेच बदलले. सामाजिक परिणामांची पाहणी, जाहीर सुनावणी, खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती व शासन-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी सत्तर टक्क्यांची, बाजारभावाच्या हिशेबावर शंभर टक्के दिलासा रक्कम, अशा तरतुदी त्यात आल्या. प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून साठ दिवसांत लेखी हरकत घेता येते. आणि ती केवळ भावाबद्दल नव्हे, तर सार्वजनिक प्रयोजनाबद्दल, जमिनीच्या योग्यतेबद्दल व क्षेत्राच्या गरजेबद्दलही घेता येते. शासनावरही मुदतीचे बंधन आहे. अधिसूचनेनंतर बारा महिन्यांत अंतिम घोषणा आणि घोषणेनंतर बारा महिन्यांत निवाडा व्हावा, असे हा कायदा सांगतो.

परंतु हे सारे दरवाजे प्रत्येक प्रकल्पाला लागू नाहीत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या स्वतंत्र कायद्याने जमीन घेतली जाते आणि तेथे हरकतीची मुदत अवघी एकवीस दिवसांची आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये केलेल्या दुरुस्तीने राज्याच्या महामार्ग, औद्योगिक विकास इत्यादी कायद्यांखाली होणारे संपादन २०१३ च्या कायद्याच्या बऱ्याच तरतुदींतून वगळले. म्हणून गावाने पहिला प्रश्न विचारावयाचा तो 'किती भाव मिळणार?' हा नव्हे. 'आमची जमीन कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली घेतली जात आहे आणि अधिसूचनेची तारीख कोणती?' हा पहिला प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावर मोर्चाची तारीख अवलंबून आहे.

मालमत्तेचा हक्क आता मूलभूत राहिलेला नाही, तेव्हा लढून काय उपयोग, असा निराशेचा सूर कधी कधी ऐकू येतो. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून १९७८ मध्ये काढला गेला, हे खरे. तथापि अनुच्छेद ३००-क नुसार कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणालाही त्याच्या मालमत्तेपासून वंचित करता येत नाही. १६ मे २०२४ रोजी कोलकाता महानगरपालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदाचा अर्थ सविस्तर उलगडला. मालकाला नोटीस मिळाली पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, निर्णय सकारण असला पाहिजे, प्रयोजन सार्वजनिक असले पाहिजे, भरपाई न्याय्य असली पाहिजे, प्रक्रिया वेळेत व नीट झाली पाहिजे आणि तिचा रीतसर शेवट झाला पाहिजे, अशा सात गोष्टी न्यायालयाने सांगितल्या. मोर्चाच्या मागण्यांचा मसुदा करणाऱ्याला यापेक्षा चांगली चौकट शोधावी लागणार नाही. या सातांपैकी कोणती गोष्ट आपल्या गावात घडली नाही, एवढेच त्याने पुराव्यानिशी लिहावे.

महाराष्ट्राला या विषयात शंभर वर्षांचा अनुभव आहे आणि त्या अनुभवातून शिकण्यासारखे बरेच आहे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशीची जमीन घेतली जात असता एप्रिल १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे नेते त्यांना लाभले. तरीही धरण झाले. जमिनीवर कागदोपत्री हक्क असलेल्या पुण्याच्या सावकार-जमीनदारांचे लक्ष मोबदल्याकडे होते, तर प्रत्यक्ष कसणाऱ्या मावळ्याला जमीनच हवी होती. एका झेंड्याखाली दोन वेगळ्या इच्छा असल्या की सरकारला त्यांतील एक विकत घेणे पुरेसे होते. आजही मोर्चाच्या सभेत सातबारावर नाव असलेला खातेदार पुढे बसतो, आणि कूळ, वाटेकरी व शेतमजूर यांना मागे उभे राहावे लागते. वास्तविक २०१३ च्या कायद्याने संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणाऱ्या मजुरांना, कुळांना व कारागिरांनाही बाधित कुटुंब मानले आहे. कायद्याने ज्याला आत घेतले, त्याला मोर्चाने बाहेर ठेवणे शहाणपणाचे नाही.

दुसरा अनुभव उरणचा. नव्या मुंबईसाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनीवर शासनाने हात ठेवला. सिडकोची स्थापना १९७० ची. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांचा संघर्ष टिपेला पोहोचला तो जानेवारी १९८४ मध्ये. १६ व १७ जानेवारीला झालेल्या गोळीबारांत पाच जणांचे प्राण गेले. त्या हौतात्म्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व शासनाला मान्य करावे लागले, आणि देशातील अनेक आंदोलनांना त्याचा आधार मिळाला. हे यश लहान नव्हे. पण नवे शहर व्हावे की नाही, कोणत्या जमिनीवर व्हावे, हा प्रश्न तोपर्यंत मागे पडला होता. उरला होता तो भावाचा आणि वाट्याचा प्रश्न. आणि तेवढ्यासाठीही पाच घरांनी आपली माणसे गमावली. उशिरा उभ्या राहिलेल्या लढ्याला अशी किंमत द्यावी लागते.

याच रायगड जिल्ह्यातील तिसरा अनुभव वेगळा आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन संपादनाचा घाट घातला गेला, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या मार्गदर्शनाखाली शेतकऱ्यांनी संपादन पुरे होण्याआधीच रस्ता धरला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील ओलिताची जमीन का घेता, असा त्यांचा नेमका सवाल होता. परिणामी २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील बावीस गावांत खुद्द प्रशासनाला शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले. त्या जनमताचा निकाल सरकारने जाहीर केला नाही. परंतु कायद्याच्या मुदतीत निवाडे होऊ शकले नाहीत आणि २००९ मध्ये ते संपादन बारगळले. येथे मोर्चे, अर्ज आणि कायद्याची मुदत या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने चालल्या. यश मिळाले ते या जुळणीमुळे.

तेव्हा मोर्चाची आखणी करावयाची ती कशी? अधिसूचना हाती येताच गावाच्या चावडीवर ती मोठ्याने वाचली जावी. गट क्रमांक व क्षेत्र सातबाराशी ताडून पाहावे. विहीर, झाडे, घर, गोठा यांची नोंद करावी. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाने आपली हरकत स्वतंत्रपणे लिहावी. छापील नमुन्यावर शेकडो अंगठे उठविण्यापेक्षा आपल्या शेताचे कारण आपल्या शब्दांत मांडलेल्या पन्नास हरकतींना सुनावणीत अधिक वजन येते. आणि मग, मुदत संपण्यास आठ-दहा दिवस उरले असता, मोर्चा काढावा तो या हरकती दाखल करण्यासाठी. मोर्चातला प्रत्येक खातेदार आणि प्रत्येक मजूर हातात आपला अर्ज घेऊन चालेल आणि परतताना त्याच्या खिशात आवक क्रमांकाची पोच असेल, तर त्या मोर्चाने काहीतरी कमावले असे म्हणता येईल. भाषणे विसरली जातात; पोच पुढे न्यायालयातही चालते.

मिरवणुकीची परवानगी वेळेवर मागावी. निःशस्त्र व शांततेने जमण्याचा हक्क घटनेने दिलेला आहे. रस्त्यावरील सभेचे नियमन करता येते, पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर ती सरसकट बंद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हिम्मतलाल शहा प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेवढीच जबाबदारी मोर्चेकऱ्यांवरही येते. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आले. दहावीच्या परीक्षेचे दिवस होते. विद्यार्थ्यांची अडचण होऊ नये म्हणून थकल्या पायांनी त्यांनी शीवहून आझाद मैदानापर्यंतची वाट रात्रीच कापली. त्या एका निर्णयाने मुंबईकर त्यांच्या बाजूला झाला. १२ मार्चला त्यांना लेखी आश्वासन मिळाले. मात्र आश्वासनांच्या पूर्ततेसाठी २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये त्यांना पुन्हा चालावे लागले, हेही विसरता कामा नये. म्हणून मोर्चाच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या कामाची वाटणी मोर्चाच्या आधीच व्हावी. सुनावणीला कोण जाणार, इतिवृत्ताची प्रत कोण मागणार, निवाड्यानंतर दाद मागण्याच्या सहा आठवड्यांच्या मुदतीवर कोण लक्ष ठेवणार, हे ठरलेले असावे. निषेध न नोंदवता रक्कम स्वीकारणारा खातेदार पुढे वाढीव मोबदल्यासाठी दाद मागण्याचा हक्क गमावून बसतो. एवढी साधी गोष्ट न सांगितल्यामुळे कुटुंबाचे जे नुकसान होते, ते कोणत्याही सभेने भरून निघत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, कागदच पुरेसे असतील तर मोर्चा कशाला? कारण कागद वाचणाऱ्यावर वाचण्याची सक्ती कागद करीत नाही. हरकतींची सुनावणी पुष्कळदा उपचार म्हणून उरकली जाते आणि सर्वांना एकच ठराविक उत्तर धाडले जाते. बाहेर शांतपणे उभा असलेला समुदाय अधिकाऱ्याला प्रत्येक अर्ज उघडावयास लावतो. दुसरा आक्षेप असा की, अशा मोर्चांमुळे विकास अडतो. विचारून घेतलेल्या जमिनीवरचे काम सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, हे मान्य. पण न विचारता घेतलेल्या जमिनीवरचे दावे पिढ्यान् पिढ्या चालतात आणि प्रकल्पाचा खर्च वाढत राहतो. हा उशीर विकासाच्या हिशेबात कोणी धरीत नाही. राजकीय पक्षांनी या मोर्चांत यावे. त्यांना मज्जाव करण्याचे कारण नाही. मात्र सत्तेत असताना त्याच संपादनावर सही करणाऱ्यांनी विरोधात बसल्यावर व्यासपीठ बळकावू नये, एवढी दक्षता गावाने घ्यावी.

या कामात शहरातील व गावातील सुशिक्षितांचा वाटा काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. शिक्षकावर व कारकुनावर सेवानियमांची बंधने आहेत. त्याने झेंडा खांद्यावर घ्यावा, असे कोणी म्हणत नाही. पण सरकारी मराठी ही ज्या भाषेत लिहिली जाते, ती भाषा गावात समजणारा बहुधा तोच असतो. 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी' यांच्या मधोमध अडकलेला अर्थ सोप्या शब्दांत सांगणे हे राजकारण नव्हे. ते साक्षरतेचेच काम आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सुटीत आपल्या तालुक्यातील अधिसूचना तारीखवार लिहून ठेवल्या आणि कोणाची मुदत केव्हा संपते याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला, तरी पुष्कळ मोर्चे वेळेवर निघतील. पिढीजात जमीन गेलेल्या कुटुंबाला मिळालेला पैसा किती लवकर संपतो, हे प्रकल्पग्रस्तांच्या कोणत्याही वसाहतीत जाऊन पाहावे. ती वेळ येण्यापूर्वी साठ दिवस असतात, काही ठिकाणी एकवीसच. ते दिवस मोजावयास कोणी बसले नाही, तर पुढच्या मोर्चालाही निवेदन देऊन रिकाम्या हाताने परतावे लागेल.