दुःखाच्या घरी कोणते पुस्तक न्यावे?

आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान गेल्या वर्षी गेले. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले होते. मग पाहुणे पांगले आणि काकू दुपारच्या एकट्याच खिडकीशी बसलेल्या दिसू लागल्या. भेटायला जाताना मी एक पुस्तक नेले, मन खंबीर कसे ठेवावे हे सांगणारे. काकूंनी चार पाने चाळली आणि म्हणाल्या, "अगं, हे सगळं मला कळतंय. एखादी घरातली गोष्ट असेल तर दे, माणसांची."

मी खजील झाले. पुस्तकांचे सदर लिहिणारीला एवढे सुचू नये! तेव्हा या वेळी वाचकांसाठीही अशाच घरातल्या गोष्टी निवडल्या आहेत.

काकूंना मी दिली ती गीतांजली श्री यांची हिंदी कादंबरी 'रेत समाधि'. २०१८ साली ती प्रसिद्ध झाली आणि तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. पारितोषिकाचे नाव ऐकून बिचकू नका. गोष्ट सुरू होते ती एका ऐंशी वर्षांच्या आईपासून. नवरा गेल्यावर ती अंथरुणाला खिळते आणि भिंतीकडे तोंड करून, सगळ्या घराला पाठ दाखवून पडून राहते. मुलगा, सून, नातवंडे, मुलगी सगळे तिला उठवू पाहतात. कोणी चहा आणतो, कोणी उन्हात बसवायला बघतो. ती आपली 'नाही' म्हणते. पुढे याच 'नहीं'मधून 'नई' ऐकू यायला लागते. घरच्यांना वाटते आई संपत चालली. तिचे मात्र वेगळेच काही सुरू असते. एके दिवशी ती घरातून नाहीशी होते, सापडल्यावर मुलाऐवजी एकट्या राहणाऱ्या मुलीकडे राहायला जाते आणि शेवटी थेट सरहद्द ओलांडून पाकिस्तानात! का, ते सांगत नाही. पहिल्या भागाचे नावच आहे 'पीठ'. हिंदीत पीठ म्हणजे पाठ, आपल्या डब्यातले पीठ नव्हे. लिपी आपलीच असल्याने वाचायला अडचण नाही, पण भाषा खेळकर आहे, वाक्ये मनमानी वळणे घेतात. पहिली पन्नासेक पाने धीराने काढावी लागतात हे खरे.

दुसरे पुस्तक जेरी पिंटो यांचे. मूळ इंग्रजी कादंबरी २०१२ची. तिला २०१६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शांता गोखले यांनी 'एम आणि हूमराव' या नावाने ती मराठीत आणली आहे. मुंबईत माहीमला एका छोट्या फ्लॅटमध्ये राहणारे हे गोव्याकडचे ख्रिस्ती कुटुंब. मुले आईला 'एम' म्हणतात. एम विड्या ओढते, वाट्टेल ते बोलते, पोट धरून हसवते, आणि मनाच्या आजाराने पुन्हा पुन्हा जीव द्यायला निघते. वडील फारसे बोलत नाहीत. ते कामावर जातात, घरी येतात, निभावतात. आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांचा राग, कंटाळा, आणि त्या रागाची पुन्हा लाज, हे इतक्या खरेपणाने आपल्याकडे क्वचितच लिहिले गेले असेल. शेवटी एम जाते, पण घर इतकी वर्षे ज्या प्रकाराला घाबरत होते तशी नाही. शेवट फोडला म्हणून रागावू नका. ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी ते ठाऊक ठेवूनच पुस्तक हाती घ्यावे असे मला वाटते.

विवेक शानभाग यांची कन्नड कादंबरिका 'घाचर घोचर' छोटी आहे, एका बैठकीत संपते. बंगळूरच्या एका घरात काकांच्या मसाल्याच्या धंद्यातून अचानक पैसा येतो आणि कालपर्यंत एकमेकांना धरून असलेली माणसे हळूहळू बदलतात. इथे हरवते ते माणुसकीचे भान. पुस्तक उत्तम आहे, पण काकूंना मी ते दिले नाही. वाचून झाल्यावर आपल्याच माणसांकडे संशयाने पाहावेसे वाटते.

परवा काकूंकडे 'रेत समाधि' मागायला गेले. त्यांनी पहिला भाग दोनदा वाचला होता, पुढचा अजून उघडलाही नव्हता. म्हणाल्या, "थांब गं, ती अजून उठायचीय."