उंदीरमामांचे बिऱ्हाड

गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदरापुढे आपण मोदकाचा तुकडा ठेवतो, आणि त्याचाच भाऊबंद फडताळामागे दिसला की पिंजरा शोधू लागतो! देवघरात मानकरी आणि स्वयंपाकघरात चोर, असे दुहेरी नशीब दुसऱ्या कुठल्या प्राण्याच्या वाट्याला आले नसेल. या सदरात आजवर पोपट, मांजर, हंडीतले मासे अशी मंडळी येऊन गेली. यंदा दिवाळीच्या मुहूर्तावर पाळी आहे पांढऱ्या उंदराची. मात्र आमच्या बीडमध्ये हा विषय काढायला जरा धीर लागतो.

आमच्या सहावीतल्या चिरंजीवांनी पांढरा उंदीर आणण्याचा हट्ट धरला, तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आरं बाळा, उंदरापायी मामल्याची काय गत झाली, ठाऊक हाय का तुला? आन् तू त्योच घरात आणून पोसणार?"

हे बोलणे थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. १९९४ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवा वाढल्या, आणि पाठोपाठ माणसांना गाठीचा ताप येऊ लागला. प्लेग! आजोबा-पणजोबांच्या गोष्टींत उरलेला शब्द पुन्हा वर्तमानपत्रात आला. घरोघर कीटकनाशक मारले गेले, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या गेल्या. सप्टेंबरात सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि सारा देश हादरला. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला होता. पडक्या, सोडलेल्या घरांत धान्य राहिले, त्यावर उंदीर माजले, असे कारण तेव्हा जाणकारांनी मांडले.

पण हेच कारण नीट पाहिले तर माझ्या विषयाची किल्ली त्यातच सापडते. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये शोधला तो १८९४ साली. पुढे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले, की तो उंदराकडून माणसाकडे नेणारी पिसू असते. म्हणजे दोष नुसत्या उंदराचा नव्हे; मोकाट उंदीर, त्याच्या अंगावरची पिसू आणि उघडे धान्य या त्रिकुटाचा. हे त्रिकूट फोडले की निम्मी लढाई जिंकली.

दुकानात मिळणारा पांढरा उंदीर हा बिळातल्या चुलत्यांपासून कैक पिढ्या दुरावलेला. जपानात अठराव्या शतकापासून शौकीन लोक रंगीबेरंगी उंदीर पाळत आले. इंग्लंडात तर १८९५ साली उंदीर पाळणाऱ्यांचा राष्ट्रीय क्लबच निघाला. आणि उपकार म्हणाल, तर मे १९४० मध्ये ऑक्सफर्डला आठ पांढऱ्या उंदरांना घातक जंतू टोचले; त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिले. ते चार तगले, उरलेले चार मेले. पुढे त्या औषधाने किती माणसे वाचवली याचा हिशेब कोण मांडणार?

सासूबाईंनी हे सारे ऐकून घेतले आणि एक अट घातली: "त्याचं घर असं करा, की त्यो बाहेर येऊ नये आन् बाहेरचा आत जाऊ नये." उंदराच्या बिऱ्हाडाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले!

जागेपासून सुरुवात करू. माशांची जुनी काचेची पेटी, दोन फूट लांब आणि एक फूट रुंद, उत्तम. वर घट्ट बसणारे बारीक तारेच्या जाळीचे झाकण हवे. जाळीची भोके पाव इंचापेक्षा मोठी नकोत, कारण डोके शिरले की उंदराचे अंग मागोमाग निघते. लाकडी खोके तो चार दिवसांत कुरतडील. बिचाऱ्याचे पुढचे दात जन्मभर वाढतच असतात. लिंबाची किंवा बाभळीची वाळकी काटकी आत ठेवावी, म्हणजे दातांची सोय होते.

कापसाच्या मुलखात राहणाऱ्याला वाटते, अंथरूण कापसाचेच घालावे. ते मुळीच करू नये. धागे पायांत गुंततात, पोटात गेले तर आतडे अडते. देवदार-चिडाचा उग्र वासाचा भुसाही नको. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि मऊ वाळके गवत जाडसर पसरा. तो आपले घरटे आपणच विणतो. लक्ष्मीपूजनाला आणलेले रुंद तोंडाचे बोळके आडवे ठेवले, की झाली शेजघराची व्यवस्था. चाक ठेवायचे तर भरीव पाळीचे. गजांच्या चाकात शेपूट अडकते.

जेवण थोडके. दिवसाला चार-पाच ग्रॅम पुरे: ज्वारी, बाजरी, गहू, कधी काकडीची फोड. पाणी वाटीत नको, नळीच्या बाटलीत द्यावे.

बीडच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि तिशीपुढेच उंदराचा जीव कासावीस होतो. पेटी उन्हापासून दूर, घरातल्या गार भिंतीशी ठेवावी. आत फरशीचा तुकडा, वर जाळीच्या अर्ध्या भागावर ओले फडके. कूलरचा झोत मात्र थेट अंगावर नको.

एकटा उंदीर कंटाळतो, दोन नर भांडतात. म्हणून दोन माद्या आणाव्यात. जोडी आणाल तर तीन आठवड्यांत सहा-आठ पिल्ले, आणि दीड महिन्यात तीही संसाराला तयार! आमच्याकडे लाही आणि बत्ताशी अशा दोघी आल्या.

आठवड्याला अंथरूण बदलावे. पण जुन्या घरट्यातली मूठभर पाने परत ठेवावीत, म्हणजे ओळखीच्या वासाने त्या बावचळत नाहीत. सांडलेले दाणे रोज संध्याकाळी झाडून घ्यावेत, त्यांची ज्वारी झाकणाच्या डब्यात ठेवावी, हात साबणाने धुवावेत. बिळातला उंदीर पकडून पाळण्याचा उद्योग कदापि करू नये. मेलेला उंदीर हाताने उचलू नये; एकदम बरेच मेलेले दिसले तर लगेच आरोग्य केंद्राला कळवावे. मामल्याने शिकवलेला धडा तो हाच.

दिवाळीत फटाक्यांपूर्वी पेटी आतल्या खोलीत हलवावी. आपल्याला न ऐकू येणारे बारीक आवाजही त्यांना ऐकू येतात. मग सुतळी बॉम्बचे काय होत असेल!

आणि शेवटी मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. उंदराचे आयुष्य जेमतेम दोन वर्षांचे. तिसरी दिवाळी तो क्वचितच पाहतो. आहे तेवढे दिवस त्याचे बिऱ्हाड सुखाचे राहील एवढे पाहणे, हे सहावीतल्या मुलाला सहज जमण्यासारखे आहे.